उन्हाळ्यात एम ब्रँडचा रंग फिका का लागतो? (अभिक्रियेचा वेग आणि तिच्या पायऱ्या)

रंगारी_अशोकचौक (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सोलापुरात पूर्व भागात आमचं छोटं डाइंग आहे. चादरीचं आणि टॉवेलचं सूत हँकमध्ये (लड्यांमध्ये) रंगवून देतो. बराचसा माल रिअ‍ॅक्टिव्हमध्ये, म्हणजे धाग्याशी रासायनिक बंध करणाऱ्या रंगात असतो, त्यातही लाल, केशरी, पिवळ्याला एम ब्रँड, म्हणजे कोल्ड ब्रँड.

भाचा बारावी सायन्सला आहे. सुट्टीत टाकीवर येऊन बसतो. परवा विचारलं त्यानं, "मामा, तापमान वाढलं की अभिक्रियेचा वेग वाढतो असं दहावीपासून शिकवतात. मग मे महिन्यात रंग गडद यायला पाहिजे की." आमच्याकडं होतं नेमकं उलटं. पारा ४२ च्या वर गेला की तीच रेसिपी, तीच वजनं, तेवढाच सोडा, तेवढंच मीठ घालूनही शेड फिकी येते आणि सोपिंगच्या (रंगवल्यावर साबणानं धुण्याच्या) पाण्यात ढीगभर रंग उतरतो. थंडीत हाच लॉट सावकाश चढतो, पण भरतो चांगला.

उपाय मला माहीत आहे. वडिलांनी शिकवलाय: उन्हाळ्यात रंग आधी घोळून ठेवायचा नाही, पाणी सकाळचं घ्यायचं, सोडा घालायची घाई करायची नाही. पण पोरानं "का" विचारलं, त्याचं नीट उत्तर त्याला मिळावं असं मनापासून वाटतं. इथं रसायनशास्त्रवाले आहेत. सांगा.

जिगरवाला

आमच्याकडं टाकी गच्चीवर, सावली नाही. दुपारी दोनला नळाचं पाणी हातावर घेववत नाही. ते पाणी थेट जिगरला (कापड रंगवायच्या यंत्राला) घेतलं की एम ब्रँडचा केशरी हमखास हलका. एचई ब्रँडला मात्र काही फरक पडत नाही, तो तसाही ८० अंशावर चालवतो. कारण वाचायला मीही थांबलोय.

रसायनशाळा

अण्णा, तुमच्या भाच्याचा प्रश्न फार चांगला आहे. मी कॉलेजात भौतिक रसायन शिकवलं, आता निवृत्त आहे. जरा विस्तारानं लिहिते.

दहावीच्या पुस्तकात दर ठरवणारे घटक दिलेत: अभिक्रियाकारकांचं स्वरूप, कणांचा आकार, संहती, तापमान, उत्प्रेरक. मुलं ती यादी पाठ करतात. पण तापमानानं वेग वाढतो म्हटलं की पुढचा प्रश्न विचारायलाच हवा: कुठल्या अभिक्रियेचा? तुमच्या टाकीत एक अभिक्रिया चालत नाही. निदान दोन चालतात, आणि त्या एकाच रंगासाठी भांडतात.

एम ब्रँडच्या रेणूत एका टोकाला ट्रायझिन नावाचं कडं असतं. त्यात तीन नायट्रोजन, तीन कार्बन, आणि त्यांतल्या दोन कार्बनना एकेक क्लोरीन. नायट्रोजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, क्लोरीनही ओढतो, त्यामुळे क्लोरीन धरून बसलेला कार्बन इलेक्ट्रॉनसाठी आसुसलेला असतो. इकडे सुती धाग्याचा सेल्युलोज. त्याच्या अंगावर हायड्रॉक्सिल गट भरपूर, पण साध्या पाण्यात ते थंड असतात. सोडा अ‍ॅश घातला की पीएच साडेदहा-अकरापर्यंत जातो, त्यांतले थोडे गट आपला प्रोटॉन सोडतात आणि ऑक्सिजनवर ऋण भार येतो. हा ऋण ऑक्सिजन त्या कार्बनवर चाल करतो.

इथं दोन पायऱ्या आहेत. पहिलीत ऑक्सिजन कार्बनला चिकटतो, पण क्लोरीन अजून गेलेला नसतो. क्षणभर दोघेही कार्बनवर असतात आणि जादाचा ऋण भार कड्यातले नायट्रोजन वाटून घेतात. दुसऱ्या पायरीत क्लोराइड बाहेर पडतो. उरतो तो धागा आणि रंग यांच्यातला सहसंयुज बंध. म्हणून हा रंग धुण्यात जात नाही. रॅटी आणि स्टीफन यांनी १९५४ मध्ये इंग्लंडच्या आयसीआय कंपनीत सुती कापडावर हा बंध घडवून दाखवला आणि १९५६ मध्ये प्रोसिऑन रंग बाजारात आले.

आता भांडण. टाकीत पाणी आहे, सोडा आहे, म्हणजे हायड्रॉक्साइड आयनही आहेत. तेही त्याच कार्बनवर, त्याच दोन पायऱ्यांनी चाल करतात. ते जिंकले की रंगाचा रेणू "जळाला". दिसायला तितकाच लाल, पण धाग्याला बंध करायचा त्याचा हात गेलेला. याला हायड्रोलाइज्ड डाय म्हणतात. तुमच्या सोपिंगच्या पाण्यात उतरतो तो बराचसा हाच.

दोन्ही हल्ले एकाच कार्बनवर आणि एकाच पद्धतीचे असल्यामुळे उष्णता दोन्हींना जवळपास सारखीच पळवते. मग निकाल कशावर ठरतो? सोडा पडला त्या क्षणी रंग कुठे आहे यावर. धाग्यात शिरलेला असेल तर भोवती सेल्युलोज असतो. पाण्यात असेल तर भोवती पाणीच पाणी.

आणि उष्णता नेमकी इथंच आड येते. रंग पाण्यातून धाग्याकडे जातो तेव्हा उष्णता बाहेर पडते. अशा समतोलाला तापवलं की तो उलट बाजूला सरकतो, म्हणजे रंग धाग्यावरून पाण्यात परततो. मे महिन्यात तुमच्या टाकीत एकाच वेळी दोन गोष्टी होतात: धाग्यात रंग कमी आणि दोन्ही अभिक्रिया जोरात. जोरात चाललेल्या शर्यतीत पाण्याकडचा वाटा वाढतो. वेग वाढतो हे पुस्तकातलं वाक्य खरंच आहे. तुमचा लॉट फिका येतो तो रंग धाग्याऐवजी पाण्यात राहतो आणि तिथंच वेगानं फुटतो म्हणून.

रंगारी_अशोकचौक

ताई, वाचून अंगावर काटा आला. म्हणजे मीठ आधी आणि सोडा नंतर, हे वडील का सांगायचे ते आत्ता कळलं. मीठ काय करतं ते पण सांगा की. काही लोक मिठाला उत्प्रेरक म्हणतात.

रसायनशाळा

मीठ उत्प्रेरक नाही. बंध घडण्याच्या पायरीत त्याचा काहीच हात नाही. पाण्यात सुती धाग्यावर थोडा ऋण भार असतो. रंगाच्या रेणूवर सल्फोनेट गट असतात, तेही ऋण. दोघे एकमेकांना दूर लोटतात. मिठातले सोडियम आयन मध्ये गर्दी करतात, लोटालोट कमी होते, रंग धाग्यात शिरतो. म्हणजे मीठ धाग्याच्या आत रंगाची संहती वाढवतं. पुस्तकातला संहतीचा घटक इथं मिठाच्या रूपानं काम करतो. सोड्याचं काम वेगळं, तो हल्ला करणारा ऋण ऑक्सिजन तयार करतो. टाकीत पाणी जास्त घेतलं की रंग धाग्यापेक्षा पाण्यात जास्त राहतो, म्हणून मोठ्या लिकर रेशोला (सुताच्या मानानं पाणी जास्त) नुकसान जास्त.

आणि जिगरवाले, तुमच्या एचईचं. ट्रायझिनवरचा एक क्लोरीन दुसऱ्या गटानं बदलला की कड्याची इलेक्ट्रॉनची भूक कमी होते. उरलेला क्लोरीन हलवायला जास्त ऊर्जा लागते. एम ब्रँडमध्ये दोन क्लोरीन, म्हणून तो ३०-४० अंशालाही चालतो. एच आणि एचई कुळात प्रत्येक कड्यावर एकच, म्हणून ८० च्या आसपास तापवावं लागतं. गच्चीवरच्या टाकीचं पाणी थोडं कोमट आलं तर त्या रंगाला ते कळतही नाही. कापूस तोच, सोडा तोच, मीठ तेच. एका क्लोरीननं चाळीस-पन्नास अंशांचा फरक पडतो. "अभिक्रियाकारकांचं स्वरूप" या कोरड्या शब्दांत एवढं सगळं दडलंय.

सीईटी_यंदा

मॅडम, नमस्कार. मीही बारावीलाच आहे, दयानंद कॉलेजजवळ राहतो. क्लासमध्ये "दर १० अंशाला वेग दुप्पट" असं लिहून घेतलंय. ते सगळ्या अभिक्रियांना लागू होतं का? आणि यंत्रणेचा, म्हणजे अभिक्रियेच्या पायऱ्यांचा, प्रश्न आला की आम्ही सर्वांत संथ पायरी बघून वेग-नियम लिहितो. त्याच्यामागचं कारण नीट कळलं नाही.

रसायनशाळा

बाळ, दुप्पटचा नियम एका ठरावीक सक्रियण ऊर्जेलाच (अभिक्रियेचा उंबरठा ओलांडायला लागणाऱ्या ऊर्जेलाच) बसतो. अर्‍हेनिअसचं १८८९ चं समीकरण घे. २९८ आणि ३०८ केल्व्हिन घातलेस आणि वेग दुप्पट हवा म्हटलंस, तर सक्रियण ऊर्जा सुमारे ५३ किलोज्यूल प्रति मोल येते. स्वतः करून बघ, पाच मिनिटांचं काम आहे. ऊर्जा याहून जास्त असेल तर दहा अंशांत वेग तिप्पट-चौपटही होतो.

गंमत अशी की ३०० वरून ३१० केल्व्हिनला गेलं तर रेणूंची सरासरी गतिज ऊर्जा वाढते जेमतेम तीन टक्क्यांनी. टक्करी त्याहूनही कमी वाढतात. वेग दुप्पट होतो तो काठावरच्या रेणूंमुळे. उंबरठा ओलांडण्याइतकी ऊर्जा असलेले रेणू मुळातच मूठभर असतात, आणि त्यांची संख्या घातांकी वाढते.

आता संथ पायरी. तुमच्या पुस्तकातलं नायट्रोजन डायऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइडचं उदाहरण घे. कमी तापमानाला वेग नायट्रोजन डायऑक्साइडच्या संहतीच्या वर्गावर अवलंबून असतो, कार्बन मोनॉक्साइडवर अजिबात नाही. दुप्पट भर, तिप्पट भर, वेग ढिम्म हलत नाही. कारण आधी नायट्रोजन डायऑक्साइडचे दोन रेणू एकमेकांवर आपटून नायट्रोजन ट्रायऑक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइड होतात, ती पायरी संथ. कार्बन मोनॉक्साइडचा संबंध नंतरच्या वेगवान पायरीत येतो. संथ पायरीतून जेवढा माल येईल तेवढाच तो पुढे नेणार. पण हे एकूण समीकरणाकडे बघून कधीच कळलं नसतं. वेग मोजावाच लागतो आणि मग पायऱ्या ताडून बघाव्या लागतात.

याहून मला आवडतं ते नायट्रिक ऑक्साइड आणि ऑक्सिजनचं. ही अभिक्रिया तापवली की मंदावते! एका प्रचलित स्पष्टीकरणानुसार नायट्रिक ऑक्साइडचे दोन रेणू आधी सैल जोडी करतात, मग त्या जोडीला ऑक्सिजन भेटतो. जोडी जमताना उष्णता बाहेर पडते, म्हणून तापवलं की जोड्या सुटतात. पुढच्या पायरीचा वेग थोडा वाढला तरी जोड्याच कमी, म्हणून एकूण वेग घसरतो.

आता हे अण्णांच्या टाकीशी लावून बघ. आधी उष्णता सोडणारा समतोल: तिथं रंगाचं धाग्यात शिरणं, इथं जोडी जमणं. मग बंध घडवणारी पायरी. आराखडा अगदी जवळचा. अशोक चौकातली हँकची टाकी आणि प्रयोगशाळेतला वायूचा चंबू यांना एकच तर्क लागतो, हे कळलं की मला आजही आनंद होतो.

ऊसपट्टा_लॅब

ताई, फार छान. मी जिल्ह्यातल्याच एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये आहे. दुप्पटच्या नियमावरून आमचं उदाहरण देतो. उसाच्या रसातली साखर आम्लात फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. आम्ही त्याला इन्व्हर्जन म्हणतो. तिची सक्रियण ऊर्जा १०८ किलोज्यूलच्या आसपास. ती अर्‍हेनिअसमध्ये घातली तर २५ वरून ३५ अंशाला वेग चौपट होतो. म्हणून गरम रस आम्लधर्मी राहू देणं आम्हाला परवडतच नाही. चुन्याचं दूध (मिल्क ऑफ लाइम) घालून पीएच सातच्या जवळ आणतो. इथं हायड्रोजन आयन उत्प्रेरक आहे, वेग त्याच्या संहतीच्या प्रमाणात. पीएच एक अंकानं उतरला की आयन दहापट, इन्व्हर्जनही दहापट. सातवरून पाचवर आला तर शंभरपट.

पायऱ्या बघा: हायड्रोजन आयन दोन साखरांना जोडणाऱ्या ऑक्सिजनवर बसतो, हे झटकन होतं. मग फ्रुक्टोजच्या बाजूचा बंध तुटतो, ही संथ पायरी. तुटलेल्या तुकड्यावर धन भार असतो, त्याला शेजारचं पाणी लगेच पकडतं. पाणी एवढं अफाट असतं की त्याची संहती बदललेली जाणवत नाही, म्हणून वेग फक्त उरलेल्या साखरेवर अवलंबून दिसतो.

हे मोजून दाखवणारा पहिला माणूस विल्हेल्मी, १८५० मध्ये. साखरेच्या द्रावणातून ध्रुवित प्रकाश किती वळतो ते बघत गेला आणि वेग उरलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो हे त्यानं लिहून ठेवलं. रासायनिक गतिकीची सुरुवात तिथून धरतात. आम्ही आजही रसाचा पोल (साखरेचं प्रमाण) काढतो तो पोलॅरिमीटरवरच.

अजून एक. तोडलेला ऊस मार्चच्या उन्हात दोन दिवस फडात पडला की रिकव्हरी (साखरेचा उतारा) घसरते. तेही साखर फुटणंच, पण रस्ता वेगळा: उसातलं इन्व्हर्टेज एन्झाइम आणि ल्युकोनोस्टॉकसारखे जिवाणू. तो रस्ता रस उकळला की बंद होतो, कारण एन्झाइम उष्णतेनं मोडतं. आम्लाचा रस्ता उकळल्यावर धावत सुटतो. नुकसान एकच, पण उष्णतेला दोघांचं उत्तर उलटं. म्हणून फडातल्या उसावरचा इलाज वेगळा, तोड आणि गाळप यांतलं अंतर कमी ठेवणं. बॉयलिंग हाउसचा (रस आटवण्याच्या विभागाचा) इलाज वेगळा, पीएच सांभाळणं.

टॉवेल_अक्कलकोट_रोड

एमआयडीसीत टेरी टॉवेलचं प्रोसेसिंग बघतो. उत्प्रेरकाची दुसरी बाजू आमच्याकडं आहे. टॉवेल पांढरा करायला हायड्रोजन पेरॉक्साइड, कॉस्टिक, ९० अंशांच्या वर. एका ठिकाणी टॉवेलला बारीक बारीक भोकं पडायची. सगळ्यांनी सुताला दोष दिला. निघालं ते गंजलेल्या पाइपातलं लोखंड.

कॉस्टिकमध्ये पेरॉक्साइड आपला एक प्रोटॉन सोडतो, त्यातून बनणारा परहायड्रॉक्सिल आयन कापसातला पिवळेपणा काढतो. हा आपल्याला हवा तो रस्ता. लोखंड, तांबं, मँगनीज यांचा कण आला की पेरॉक्साइडला दुसराच रस्ता सापडतो, मोकळे रॅडिकल बनवण्याचा. ते रॅडिकल सेल्युलोजची साखळीच कापतात. कण बसला असेल तिथंच जोर, म्हणून भोक. उत्प्रेरकानं वेग वाढवला, पण नको त्या वाटेचा. म्हणून सिलिकेटचा स्टॅबिलायझर, धातू बांधून ठेवणारा सिक्वेस्ट्रिंग एजंट आणि स्वच्छ पाइप, यांत आम्ही तडजोड करत नाही.

उलट ब्लिचिंग झाल्यावर हवा तो उत्प्रेरक आम्हीच घालतो. उरलेलं पेरॉक्साइड रिअ‍ॅक्टिव्ह रंग खाऊन टाकतं. त्यासाठी पेरॉक्साइड किलर, म्हणजे कॅटलेज एन्झाइम. तेच आपल्या रक्तातही असतं. पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करून मोकळं. पण बाथ आधी गार करून, पीएच उतरवून मगच घालायचं, नाहीतर एन्झाइमच मरतं.

पाण्याकाठी

मी पाण्याच्या प्रश्नावर काम करते. इथं सगळे रंग फुकट गेल्याबद्दल बोलताय, तो जातो कुठं तेही बोलू या. साध्या रिअ‍ॅक्टिव्ह रंगात बंध साधारण ६० ते ८० टक्क्यांचाच होतो. उरलेला हायड्रोलाइज्ड रंग, सगळं मीठ, सगळा सोडा गटारात. मीठ तर साध्या प्रक्रियेनं निघतच नाही. ज्या शहराला भीमेवरच्या उजनीतून मोजून-मापून पाणी मिळतं, तिथं प्रत्येक फिका लॉट म्हणजे दुसऱ्यांदा रंगवणं, दुसऱ्यांदा धुणं, पुन्हा पाणी. मला या धाग्यात ताईंचं उत्तर म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. धाग्यात जास्त रंग पोचवणं आणि पाण्यात कमी सोडणं ही एकच गोष्ट आहे.

रंगारी_अशोकचौक

खरं आहे ताई. चादर पहिल्या धुण्यात रंग सोडते अशी तक्रार येते, त्याचंही मूळ हेच म्हणायचं? बंध न झालेला रंग नुसता चिकटून बसलेला?

रसायनशाळा

रिअ‍ॅक्टिव्हच्या बाबतीत बहुतेक वेळा हेच. जळालेला रंग धाग्याला दुबळ्या आकर्षणानं धरून असतो, आणि धाग्यात मीठ शिल्लक असेल तर ते त्याला आणखी धरून ठेवतं. म्हणून आधी साध्या पाण्यानं मीठ काढायचं, मग उकळत्या पाण्यात सोपिंग. इथं उष्णता तुमच्या बाजूची. जो समतोल रंगवताना त्रास देतो तोच आता सुटा रंग पाण्यात ढकलतो.

उन्हाळ्यासाठी भाच्याला घेऊन एवढं करून बघा. रंग घोळताना गरम पाणी वापरू नका, आणि घोळलेला लगेच टाकीत. डायक्लोरोट्रायझिन, म्हणजे एम ब्रँडचं दोन क्लोरीनचं कडं, नुसत्या पाण्यातही हळूहळू फुटतो. फुटताना आम्ल सुटतं, आणि ते आम्ल पुढचं फुटणं आणखी वाढवतं, म्हणून पावडरीत बफर घातलेला असतो. मीठ दोन-तीन हप्त्यांत घाला, हँक फिरवत राहा, आणि टाकीतलं पाणी डोळ्याला फिकं दिसेपर्यंत सोड्याला हात लावू नका. मग सोडाही विरघळवून, थोडा थोडा. टाकीत थर्मामीटर ठेवा आणि ३५-४० च्या वर जाऊ देऊ नका. सगळ्यात उपयोगाचं म्हणजे दोन छोटे नमुने: सूत, रंग, मीठ, सोडा सगळं सारखं, एक सकाळच्या पाण्यात, एक दुपारच्या. दोन्ही सारखेच धुवून वाळवून शेजारी ठेवा.

सीईटी_यंदा

मॅडम, आमच्याकडं रंग नाही, पण हायपो (सोडियम थायोसल्फेट) आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचा प्रयोग प्रॅक्टिकलला आहे, कागदावरची फुली गंधकानं झाकली जाते तो. तो सकाळी २५ आणि दुपारी ३५ अंशाला करून सक्रियण ऊर्जा काढता येईल का?

रसायनशाळा

येईल. दोन्ही वेळा संहती आणि एकूण आकारमान तेच ठेव, चंचुपात्र तेच, बघणारा डोळा तोच. लागलेल्या वेळाचा व्यस्त वेगाच्या प्रमाणात धर. दोन तापमानांवर थांबू नकोस, पाण्याच्या टबात ठेवून चार-पाच तापमानं घे. १/T विरुद्ध वेगाचा नैसर्गिक लॉगॅरिदम असा आलेख काढ, उताराला ८.३१४ नं गुण आणि चिन्ह उलट कर. गंधकाच्या डायऑक्साइडचा वास येतो, खिडकी उघडी ठेव. आकडा आला की इथं टाक.

रंगारी_अशोकचौक

भाचा नमुने उद्या सकाळीच करायचे म्हणतोय. जिगरवाले अण्णा, तुमच्या केशरीचं थोडं कापड पाठवा, दोन्ही शेड एकदमच बघू.

जिगरवाला

पाठवतो. दुपारचं पाणी आमच्या गच्चीवरचंच घ्या, त्याहून गरम कुठं मिळणार नाही.